ओगले, स्कूटर आणि तामसीचा रपटा

एखाद्या समाजाची संस्कृती त्याच्या देवळांत किंवा ग्रंथांत कळत नाही, ती त्याच्या चौकांत कळते, असं ओगले साहेबांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी आदिलाबादेत पहिल्यांदा मांडलं तेव्हा ते बाजाराच्या चौकाशेजारच्या गटारात उभे होते. पाणी पोटरीपर्यंत होतं. स्कूटर शेजारी आडवी पडली होती, आणि ज्या सायकलरिक्षाला आधी जाऊ द्यावं म्हणून ते कडेला सरकत सरकत शेवटी गटारात गेले होते, ती रिक्षा केव्हाच निघून गेली होती. ऐकायला मी एकटाच होतो. मी स्कूटर उभी करायच्या खटपटीत असल्यामुळे संस्कृतीचा मुद्दा माझ्याकडून नीट ऐकला गेला नाही.

ते पुण्याहून आमच्या विमा कंपनीच्या शाखेत बढतीवर आले होते. कारकुनाला साहेब व्हायचं असेल तर परप्रांतात काही वर्षं काढावी लागत, आणि आंध्र प्रदेशच्या नकाशात बोट ठेवताना कोणाचं तरी बोट अगदी वरच्या टोकाला, आमच्यावर पडलं होतं. मी त्या शाखेत कारकून होतो. गावचा असल्यामुळे नव्या साहेबाला खोली, दूधवाला आणि खानावळ दाखवून देणं हे माझ्याकडे आपोआप यायचं.

ट्रंककॉलवर ते घरी ओरडून सांगत, "इकडे परदेशात पाऊस फार आहे." पोस्टातल्या रांगेतले लोक माझ्याकडे पाहत. आमचे पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते, तेव्हापासून आम्ही इथं आहोत आणि घरात मराठीच बोलत आलो आहोत. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. पण ओगल्यांचंही चुकत नव्हतं. दुकानाच्या पाट्या तेलुगू, कचेरीतले शब्द उर्दू, बाजारातलं भांडण हिंदी, आणि जी मराठी कानावर पडे तिच्यात 'आमी जाऊन राह्यलो' असं काहीतरी असे, की ज्यामुळे ते क्षणभर थबकून पाहत, ओळखीच्या माणसानं दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं.

उंच, सडपातळ, सतत हलणारा माणूस. खुर्चीवर बसले की गुडघा हले, उभे राहिले की खिशातल्या किल्ल्या वाजत. मान दर थोड्या वेळानं खिडकीकडे जाई आणि आभाळ बघून परत येई. त्यांचं काम मोटारींच्या अपघातांचे दावे तपासण्याचं होतं. दिवसभर कोण कोणावर कसं आदळलं हे वाचायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यांवर स्वतःची स्कूटर काढायची. खानावळीच्या स्वयंपाकघरात दिवसभर बसवलेल्या माणसाला रात्री तिथंच जेवायला लावावं, तसला तो प्रकार होता.

स्कूटर त्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून मिळवली होती आणि रेल्वेनं, गोणपाटात गुंडाळून, पुण्याहून आणली होती. ती सुरू करण्याआधी एक विधी असे. दोन्ही चाकांना लाथ मारायची, हॉर्न एकदाच वाजवायचा, विजारीचे पाय क्लिपेत अडकवायचे आणि जो कोणी रस्त्यानं जात असेल त्याला थांबवून म्हणायचं, "जरा मागचा दिवा लागतोय का बघा." मग ब्रेक दाबायचा. आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्या वाहनाला मागचा दिवा असल्याचं आठवत नाही. काही दिवसांनी लोकांना सवय झाली. ओगले नुसते दारात दिसले तरी पलीकडच्या ओट्यावरून आवाज येई, "लागून राह्यला जी, साहेब."

डोक्यावर पांढरं हेल्मेट. त्या काळी गावात हेल्मेट घालणारे ते एकटेच होते. त्याबद्दल लोक काही बोलत नसत, नुसते पाहत. एकदा मुसळधार पावसात आम्ही चहाच्या टपरीत शिरलो. ओगल्यांनी हेल्मेट काढून स्कूटरच्या सीटवर उलटं ठेवलं आणि चहा पिता पिता वळणावर हाताचा इशारा का द्यावा हे टपरीवाल्याला समजावून सांगितलं. विषय मोठा होता. बोलणं संपल्यावर ते बाहेर गेले, घाईघाईनं हेल्मेट उचललं आणि डोक्यावर घातलं. आत साठलेलं सगळं पाणी कॉलरीतून खाली गेलं. टपरीवाल्यानं दुसरा चहा आणून दिला.

हाताचा इशारा हा त्यांचा धर्म होता. उजवीकडे वळताना उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, तळवा पुढे. रस्ता रिकामा असो की भरलेला. पावसाळ्यात याचा परिणाम असा होई की दर वळणाला रेनकोटाच्या बाहीतून पाणी थेट काखेपर्यंत उतरे. कचेरीत आल्यावर त्यांचा डावा हात कोरडा असे आणि उजवा पिळता येईल इतका ओला. ते दावे डाव्या हातानं चाळत बसत.

आमच्याकडचा पाऊस हजेरी लावून जात नाही. आठवडाभराची रजा काढून आल्यासारखा मुक्कामाला येतो. काळी माती चिखल होऊन चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की गाडी इंजिन सुरू असताना उभी राहते. त्यात चौक. बैलगाड्या, लाल बस, सायकलरिक्षा, शेळ्या, आणि छत्रीखाली उभा असलेला एक पोलीस, जो पाऊस वाढला की छत्री तिथंच ठेवून टपरीत जाई. या सगळ्यात ओगले नियमानं चालत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. उजवीकडून येणारे संपत नसत.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या पत्नी आणि मुलगी आल्या. मालतीवहिनी मोजकं बोलणाऱ्या बाई. मुलगी मेधा, चारेक वर्षांची. बसस्टँडवरून ओगल्यांनी दोघींना स्कूटरवर घेतलं, मेधा पुढे उभी, वहिनी मागे. मी सामान घेऊन रिक्षात. चौकात आल्यावर ओगल्यांनी नियमाप्रमाणे उजवीकडच्यांसाठी स्कूटर थांबवली. नेमकी मधोमध. पाऊस सुरू झाला. पुढून बस आली, मागून बैलगाडी आली, एक म्हैस वहिनींच्या पदराला अंग घासून गेली. ओगले थांबलेलेच. हात बाहेर, खांद्याच्या रेषेत.

वहिनी उतरल्या. मुलीला कडेवर घेतलं आणि कोणाकडेही न बघता पायी चालत, भिजत, खोलीपर्यंत गेल्या. आठ दिवस राहायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत निघाल्या. स्टँडवर त्या नवऱ्याशी जे बोलल्या ते मी सामान चढवताना ऐकलं, कारण आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही.

"तुम्हाला इथे गाडी चालवता येत नाही, आणि मला तुमच्या मागे बसवत नाही. पुढच्या पावसाळ्यात मेधाला शाळेत घालायचंय. तोपर्यंत शिकलात तर आम्ही येऊ. नाहीतर तुम्ही परत या."

"बढती जाईल," ओगले म्हणाले.

"जाऊ दे. कारकून होतात तेव्हा जिवंत होतात."

बस गेल्यावर ओगले बराच वेळ किल्ल्या वाजवत उभे राहिले. मग मला म्हणाले, "इथं चांगली गाडी कोण चालवतं?"

चांगली गाडी कोणीच चालवत नव्हतं. पण आमच्या शाखेत नरसिंगराव होते. वरिष्ठ कारकून, वारंगळकडचे, पोट सांभाळून बोलणारे. स्वतःची मोपेड त्यांनी तीनदा धडकवली होती आणि तिन्ही वेळा दोष समोरच्याचा, हे सिद्ध केलं होतं. शिकवायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ती सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर टाचण्या, शिक्क्याची डबी आणि गोंदाची बाटली मांडून त्यांनी चौक तयार केला.

"सार, पहली बात," गोंदाची बाटली पुढे सरकवत नरसिंगराव म्हणाले. "किसीको देखना नक्को. तुम देखे तो उसको मालूम होता, इनो मेरेको देख लिये. अब इनोच रुकते. तो फिर तुमकोच रुकना पडता. नहीं देखे तो उसको रुकना पडता."

ओगले विचारात पडले. "पण त्यानंही पाहिलं नाही तर?"

"तो फिर अपना ऑफिस है ना, सार."

हे शास्त्र होतं, आणि ते खरं होतं. आमच्या गावात ज्यानं पाहिलं त्याच्यावर जबाबदारी. म्हणून रिक्षावाले मान सरळ ठेवतात, बसवाले आभाळाकडे बघतात आणि म्हशी तर उपजतच पाहत नाहीत. ओगल्यांना आयुष्यभर उलट शिकवलं गेलं होतं. आधी पाहा, मग वळा. आता ते न पाहण्याचा सराव करू लागले. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर नरसिंगराव मागे बसत आणि कानात सांगत, "देखे, सार, देखे. वो बकरी को देखे तुम. अब बकरी जाती."

दिवाळीपर्यंत ओगले चौक ओलांडू लागले. संक्रांतीपर्यंत ते न थांबता ओलांडू लागले. होळीच्या सुमाराला मी पाहिलं की रिक्षावाले त्यांना बघून वेग कमी करतात. हाताचा इशारा मात्र त्यांनी सोडला नाही. नरसिंगरावांना ते पटत नसे, कारण इशारा देणं म्हणजे आपण कुठं जाणार हे शत्रूला कळवणं. पण हात बाहेर, नजर सरळ आणि वेग पूर्ण, हे मिश्रण आदिलाबादेनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. लोक बाजूला होत.

त्याचे काही तोटे झाले. ओगल्यांनी कचेरीतही समोरच्याकडे पाहणं सोडलं. दावेदार टेबलासमोर येऊन उभा राहिला की ते कागदात मान घालून त्याच्या बाजूनं निघून गेल्यासारखे बसत. झोप कमी झाली होती. खानावळीत ते उभ्यानं जेवत. मे महिन्यात तर दर दोन-चार दिवसांनी ट्रंककॉल. "आता येतं मला. अगदी येतं. मेधाला पुढे उभं करून नेईन." पलीकडून काय उत्तर येई ते कळत नसे, पण फोन ठेवल्यावर ते लगेच स्कूटर काढून चौकातून एक फेरी मारून येत.

त्यांचे घरमालक देवराव. तामसीकडचे शेतकरी, कापूस आणि ज्वारी. आदिलाबादेत त्यांनी मुलांच्या शाळेसाठी घर बांधलं होतं आणि त्यातल्या दोन खोल्या ओगल्यांना दिल्या होत्या. देवराव शेतावर जाऊन-येऊन असत. तामसीच्या रस्त्यावर एक रपटा आहे. रपटा म्हणजे ओढ्यावर टाकलेला बुटका पूल. जोराचा पाऊस झाला की ओढा त्याच्यावरून जातो. दोन्ही कडांना चुना लावलेले धोंडे रोवलेले होते. देवरावांनी एकदा त्याची रीत ओगल्यांना ओट्यावर बसून सांगितली.

"धोंडे दिसत नसतीन त थांबाचं. मंग बैल नेऊन पाहाचा. त्यानं पाय टाकला त मानसं जातेत. नाई टाकला त च्या पेत बसाचं."

"बैलाला पाण्याची खोली कळते?"

"काय मालूम जी," देवराव म्हणाले. "पन त्याले कुठी जायाची घाई नसते."

या बैलांबद्दल मला स्वतःला फारसा आदर नाही. एका वर्षी पाणी घोट्याइतकं खाली गेलं तरी बैल पाय टाकेना, म्हणून दोन्ही काठांवर माणसं दुपारभर बसून राहिली होती. नंतर कळलं की त्याच्या खुरात काटा होता. पण कोणाची तक्रार नव्हती. पत्त्यांचे डाव झाले, एका काठावरून दुसऱ्या काठावर ओरडून एक सोयरीकही जवळजवळ जमली.

ओगल्यांना हे सहन होईना. "तुम्ही लोक चौकात एक क्षण थांबत नाही, आणि इथं दिवस दिवस थांबता? चौकात काय होतं तुम्हाला?"

"चौकात कोन वाहून जाते जी?" देवराव म्हणाले.

जुलैत वहिनी यायचं ठरलं. नांदेडहून किनवट, किनवटहून बस. दोन दिवस पाऊस लागला होता. ओगल्यांनी आदल्या दिवशी स्कूटर धुतली, पावसात. दुपारी बस यायची ती आली नाही. ते स्टँडवर जाऊन आले, कचेरीत आले, पुन्हा स्टँडवर गेले. शेवटी एका जीपवाल्यानं सांगितलं की मोठ्या रस्त्यावर पाणी आहे म्हणून किनवटची बस आतल्या तामसीच्या रस्त्यानं वळवली, आणि ती रपट्याच्या पलीकडे उभी आहे.

"चला," ओगले मला म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत उतरेल पाणी," मी म्हणालो. "बस येईल आपोआप."

"त्यांना काय वाटेल? पुन्हा थांबलो म्हणतील."

मी मागे बसलो. तो प्रवास मला अजून आठवतो, कारण त्यात त्यांनी एकदाही ब्रेक लावला नाही. पाऊस समोरून दोऱ्या धरल्यासारखा येत होता. गाड्या, सायकली, एक वऱ्हाडाचा टेंपो, सगळे बाजूला झाले. वर्षभरापूर्वी बकरीला वाट देणारा माणूस हा नव्हेच. प्रत्येक वळणाला हात मात्र बाहेर येत होता आणि बाहीतलं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं.

रपट्याच्या अलीकडे नेहमीचं दृश्य होतं. दोन लॉऱ्या, एक बस, सायकलवाले, ताडपत्रीखाली कोणीतरी स्टो पेटवलेला. धोंडे दिसत नव्हते. पाणी लाल, गढूळ आणि आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. पलीकडच्या काठावर किनवटची बस उभी होती. खिडकीत मालतीवहिनी होत्या. ओळखू येत होत्या. त्यांच्या मांडीवर मेधा. बसच्या पुढे देवराव आपल्या गाडीची बैलजोडी सोडून उभे होते. एका बैलाला कासऱ्यानं धरून त्यांनी पाण्यापर्यंत आणलं होतं आणि बैल मान वळवून दुसरीकडे पाहत होता.

ओगल्यांनी मला उतरायला सांगितलं. मी उतरलो, कारण मला वाटलं ते स्कूटर स्टँडला लावणार आहेत.

"साब, नहीं जाना," लॉरीवाला म्हणाला. ओगल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पलीकडून देवराव दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होते. त्यांच्याकडेही पाहिलं नाही. वहिनी खिडकीतून उठल्या होत्या. माझ्या लक्षात आलं की ते कोणाकडेच पाहत नाहीयेत, नजर सरळ आहे, नाकासमोर, पलीकडच्या बसच्या दिव्यावर. पाण्याकडेही ते पाहत नव्हते. पाहिलं की थांबावं लागतं.

मी हँडल धरायला हात पुढे केला तोवर गियर पडला होता.

निम्म्यापर्यंत ते गेले. हे मला कबूल केलं पाहिजे. पूर्ण वेगात, ताठ बसून, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडवत. या माणसानं नरसिंगरावांचं शास्त्र त्यांच्याहून पक्कं केलं होतं. अडचण एवढीच की पाण्यानंही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. मागचं चाक बाजूला सरकलं, स्कूटर हळूच, नमस्कार केल्यासारखी वाकली, आणि दोघं रपट्यावरून खाली गेले.

पाण्यावर काही दिसत नव्हतं. स्टोवर ठेवलेला चहा उतू गेला तो कोणी उतरवला नाही. मग खालच्या अंगाला, पलीकडच्या काठालगतच्या बाभळीच्या झुडपांपाशी, एक पांढरा गोळा वर आला. हेल्मेट. त्याच्याखाली डोकं आहे की नाही हे इथून कळेना. मी काठाकाठानं पळत होतो आणि मधेच मला जाणवलं की मी हेल्मेटाबरोबर पळतोय पण मधे ओढा आहे, माझा काही उपयोग नाही. गोळा झुडपात अडकला. एक हात वर आला. उजवा.

पलीकडे देवरावांनी बैलाचा कासरा सोडला, त्याला बसमधली सामान बांधायची दोरी जोडली, टोक बसच्या क्लीनरच्या कमरेला बांधलं आणि त्याला पाण्यात सोडलं. बसमधले सगळे उतरून दोरी धरून उभे राहिले. वहिनी सगळ्यांत पुढे. लुगड्याचा काष्टा घातलेल्या दोन म्हाताऱ्या त्यांच्या मागे. त्यांनी ओढून काढलं. ओगले पलीकडच्या काठावर चिखलात पालथे पडले, मग बसले, मग पुष्कळ वेळ पाणी ओकत राहिले. मी ते सगळं इकडून पाहत होतो, आणि ते बसले तेव्हा इकडचेही सगळे बसले.

तिकडं काय बोलणं झालं ते देवरावांनी मला नंतर सांगितलं. वहिनींनी आधी त्यांचं हेल्मेट काढलं. मग तोंड पुसलं. मग विचारलं, "स्कूटर कुठाय?"

ओगल्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. देवरावांच्या म्हणण्याप्रमाणे, त्या दिवशी पाण्याकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "मी थांबलो नव्हतो, मालती. या वेळी थांबलो नव्हतो."

"दिसलं मला," वहिनी म्हणाल्या.

बैलानं पाय टाकला तेव्हा दिवस कलला होता. धोंड्यांचे माथे दिसू लागले होते. पुढे बैल, मागे देवराव मेधाला खांद्यावर घेऊन, त्यांच्यामागे ओगले आणि त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत धरून वहिनी. गुडघाभर पाण्यातून ते अलीकडे आले. मी निरोप देण्याची तयारी मनातल्या मनात केली होती. दुसऱ्या दिवशीची बस, बढती रद्द करण्याचा अर्ज, नवा साहेब, नवी खोली. ओगल्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. ते किल्ल्या वाजवायला खिशात हात घालत होते, पण किल्ल्या स्कूटरला होत्या.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "भावजी, पाणी उतरल्यावर स्कूटर सापडेल का हो?"

"सापडते बहुतेक," मी धीर द्यायला म्हणालो. "खाली वाळूत अडकते. दहा माणसं लावली तर—"

"मग त्या दहाजणांना सांगा," वहिनी म्हणाल्या, "शोधू नका म्हणावं."

लॉरीच्या केबिनमध्ये बसून आम्ही गावात आलो. सोमवारी मेधाचं नाव मराठी शाळेत घातलं.

ओगले कुटुंब त्यानंतर बरीच वर्षं आदिलाबादेत राहिलं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या घरात वाहन नव्हतं. स्कूटरची सीट तेवढी दसऱ्याच्या सुमाराला देवरावांच्या शेताच्या खालच्या अंगाला मिळाली. ती त्यांनी विहिरीपाशी दोन दगडांवर ठेवली. बसायला चांगली होती. ओगले शेतावर गेले की तीवर बसत आणि अस्वस्थ होऊन लगेच उठत.

वहिनींनी चौकाचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. त्या भाजीची पिशवी घेऊन कडेला उभ्या राहत, येणाऱ्या प्रत्येकाकडे रोखून पाहत आणि चालू लागत. रिक्षा, बस, गाड्या, सगळं थांबे. नरसिंगराव हे बघून इतके अस्वस्थ झाले की काही दिवस त्यांनी चौकाचा रस्ताच सोडला. मेधा तेलुगू बोलायला शिकली आणि दहाव्या-अकराव्या वर्षी सायकलवरून चौकातून अशी जाऊ लागली की ती गावचीच वाटावी. ओगले तिला घराबाहेर पडताना पाहत नसत. आत जाऊन बसत.

ते स्वतः पायी हिंडत. छत्री, क्लिपेत अडकवलेली विजार, हलणारी मान. स्कूटर नसल्याचं गल्लीला कधी पूर्ण पटलं नाही. ते दारात दिसले की ओट्यावरून अजूनही कोणीतरी म्हणे, "लागून राह्यला जी." ओगले मान हलवून पावती देत आणि निघत.

त्यांची बदली झाली तेव्हा कचेरीत निरोपसमारंभ झाला. हार, केळी, चिवडा. नरसिंगराव भाषणाला उभे राहिले. ओगले सारांनी या मागासलेल्या जिल्ह्याला वाहतुकीची शिस्त शिकवली, त्यांच्या येण्याआधीचं आदिलाबाद आणि नंतरचं आदिलाबाद यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, त्यांनी दाखवलेल्या मार्गानं हे शहर चालत राहील, असं ते तेलुगू, हिंदी आणि थोड्या मराठीत म्हणाले. टाळ्या झाल्या. बाहेर चौकात तेवढ्यात दोन गाड्या एकमेकींत घुसल्याचा आवाज आला आणि अर्धे श्रोते बघायला गेले.

सामान आधीच गेलं होतं. वहिनी आणि मेधा रिक्षानं स्टँडवर पोचल्या होत्या. ओगले म्हणाले, मी चालत येतो. मी कचेरीच्या पायरीवर उभा होतो. पाऊस होता, रस्ता रिकामा होता. ते डाव्या हातात छत्री धरून, हार अजून गळ्यातच, डबकी चुकवत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून स्टँडकडे उजवीकडे वळायचं. वळण्याआधी ते क्षणभर थांबले, आणि त्यांनी उजवा हात छत्रीबाहेर काढून खांद्याच्या रेषेत सरळ धरला, तळवा पुढे.

मागून फक्त एक म्हैस येत होती. ती थांबली नाही.